ते बांडगूळ नव्हे हो, बाशिंग आहे!

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पत्राला उशीर झालाय हे मान्य. बातमी मे महिन्यातली आणि मी लिहितोय जुलै संपताना, पण कंपनीतली शिफ्ट, पोरीची ॲडमिशन, त्यात गाडीने दगा दिला, आणि खरं सांगायचं तर तेव्हा लिहिलं असतं तर नुसता संताप उतरला असता कागदावर. आता डोकं जरा थंड झालंय, पाऊसही बरा झालाय, आणि मागच्या रविवारी आजोळी जाऊन जे बघितलं त्यानंतर म्हटलं आता लिहूनच टाकू.

तर झालं असं, मे महिन्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक फोटो होता. त्र्यंबक तालुक्यातला जुना आंबा, फांद्यांवर तपकिरी वाळक्या पानांचे थरच्या थर, आणि खाली ओळ, की बांडगुळांच्या विळख्याने जुने आंबे मरणाच्या दारात. फोटो झकास होता, फोटो काढणाऱ्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण साहेब, फोटोत बांडगूळ नव्हतंच. ते बाशिंग होतं. बाशिंग म्हणजे नेचा, फर्न म्हणतात ना तो, आयुर्वेदवाले त्याला अश्वकात्री म्हणतात. झाडावर राहतो पण झाडाचं काही खात नाही. भाडेकरू म्हणा हवं तर, तोही घरमालकाच्या किचनमध्ये कधी न शिरणारा.

आता तुम्ही म्हणाल एका फोटोखालच्या ओळीवरून एवढं काय. तेच सांगतो.

माझं आजोळ त्र्यंबकच्या पुढे हरसूल रोडला, आतमध्ये. मामांच्या बांधावर पाच रायवळ आंबे आहेत, माझ्या आजोबांच्याही आधीचे. त्यातल्या तीन झाडांवर बाशिंग होतं, लहानपणापासून बघत आलोय, आजी त्याला बाशिंगच म्हणायची आणि आम्ही पोरं ती वाळकी पानं कपाळाला लावून नवरदेव व्हायचो. तर तुमचा पेपर मामेभावाने वाचला, फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं की आपल्या झाडांनाही हाच रोग आहे, आणि मी रिप्लाय देईपर्यंत (सेकंड शिफ्टला होतो, मोबाईल लॉकरमध्ये) ह्याने दोन माणसं सांगून पण टाकली. दुसऱ्या दिवशी कोयते, पहार, शिडी. दीड ट्रॉली माल निघाला म्हणे. बांधावर पेटवून दिला. त्याच्याबरोबर आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे, दोन गड्डे होते ते गेले, खारीचं घरटं गेलं, आणि पहारीने खरवडताना साल निघाली तिथून आता डिंक गळतोय.

आणि यातली खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, डोक्याला हात लावायची वेळ. चौथ्या झाडावर खरं बांडगूळ आहे. चांगलं पाटीएवढं झुडूप, हिरवंगार, जाड जाड पानं. ते ठेवलं! का तर म्हणे हिरवं आहे, फुलं पण छान येतात केशरी. म्हणजे चोराला चहा पाजला आणि पाहुण्याला हाकलून दिलं. यात मी मामेभावाला फार दोष देत नाही, तो बिचारा पेपरात आलंय म्हणजे खरंच असणार असं धरून चालला, आणि मे महिन्यात बाशिंग दिसतंच मेल्यासारखं. पण म्हणूनच तुम्हाला लिहितोय.

हे बाशिंग दिसतं कसं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी वार्ताहराला, वाचकांना, आणि मुख्य म्हणजे कोयता घेतलेल्या माणसाला कळेल. मी काही बॉटनीवाला नाही, अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, पण शाळेतला एक मित्र कॉलेजात बॉटनी शिकवतो, त्याच्याबरोबर वीस वर्षं डोंगर फिरलोय, त्यातून जे कानावर पडलं आणि डोळ्याने पाहिलं ते.

या नेच्याला दोन तऱ्हेची पानं असतात आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. एक पान छोटं, वीतभर ते हातभर, देठ नसलेलं, बुडाशी रुंद, कडेला उथळ खाचा. ते कोवळं असतं तेव्हा हिरवट असतं, पण थोड्याच दिवसांत तपकिरी होतं, कागदासारखं कडक होतं, शिरा उठून दिसतात, आणि गळत नाही. वर्षानुवर्षं तसंच फांदीला चिकटून उभं. त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. लग्नात नवऱ्याच्या कपाळाला बेगडाचं बाशिंग बांधतात ना, तसंच झाडाच्या खोडाला कुणीतरी बांधलंय असं वाटतं, नाव त्यावरूनच पडलं. दुसरं पान म्हणजे खरं हिरवं पान, लांब देठाचं, चांगलं दोन-तीन फूट, मध्ये दांडा आणि दोन्ही बाजूंना दांड्यापर्यंत चिरत गेलेले पट्टे, लांबून बघितलं तर मोठ्या पिसासारखं. अन्न बनवायचं काम या हिरव्या पानाचं. आणि तपकिरी पान काय करतं, तर ते टोपली आहे. वरून पडणारा पालापाचोळा, धूळ, पाखरांची विष्ठा, पावसाचं पाणी, सगळं त्या पानाच्या आणि खोडाच्या मधल्या फटीत साठतं, कुजतं, त्याची काळी भुसभुशीत माती होते, आणि नेच्याची मुळं त्या मातीत जगतात. आपण नर्सरीतून गांडूळखत आणि कोकोपीटच्या पिशव्या आणतो, हा जमिनीपासून वीस फुटांवर बसून स्वतःचं खत स्वतः करतो. झाडाच्या सालीला मुळं नुसती धरून असतात, आत घुसत नाहीत. माझ्या मित्राने एकदा पडलेल्या फांदीवरचं बाशिंग अलगद उचलून दाखवलं होतं, खालची साल जशीच्या तशी, ओलसर, एक भोकसुद्धा नाही.

पानांच्या मुळाशी बघितलं तर नेच्याचं स्वतःचं जाडजूड खोड आडवं सरपटत गेलेलं असतं, अंगठ्याएवढं, आणि त्याच्यावर तपकिरी केसाळ खवले, इतके दाट की मेंढीच्या पायाला हात लावल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा हात लावला तेव्हा माझी पोरगी किंचाळली होती, तिला वाटलं सुरवंट. तीच पोरगी नंतर हिरव्या पानाची मागची बाजू मोबाईलने झूम करून म्हणाली, बाबा याला पुरळ आलंय. पुरळ नाही, तेच याचं बी-बियाणं. नेच्याला फूल नाही, फळ नाही, पानाच्या पाठीवर हे गोल ठिपके येतात, दोन आडव्या शिरांच्या मध्ये ठिपक्यांच्या दोन रांगा, अगदी फूटपट्टीने आखल्यासारख्या. पिकले की त्यातून पिठासारखी भुकटी उडते, तेच बीजाणू. वाऱ्याने जातात, ओल मिळाली तर रुजतात, आणि रुजल्यावर सरळ नेचा येत नाही, आधी नखाएवढा हिरवा बदामाच्या आकाराचा एक पापुद्रा येतो, त्याच्यावर पाण्याची ओल असताना पुढचं सगळं जमतं आणि मग नेचा. म्हणजे ओल नाही तर बाशिंग नाही. इथे उतावळेपणा चालतच नाही, मुहूर्त पावसाचाच.

आणि उन्हाळ्यात काय होतं ते महत्त्वाचं, कारण तुमचा फोटो मे महिन्यातला. हिरव्या पानांचे पट्टे वाळून गळून जातात आणि मधले दांडे तेवढे काट्यासारखे उभे राहतात. तपकिरी पानं तर तपकिरीच. म्हणजे बघणाऱ्याला वाटणार, हे मेलं आणि झाडालाही घेऊन चाललंय. पण केसाळ खोड आत जिवंत असतं, जून लागला, चार सरी बसल्या की कोंब फुटतो. सह्याद्रीत राहायचं तर हे जमवावंच लागतं, चार महिने धो धो आणि आठ महिने काहीच नाही.

आता खरं बांडगूळ कसं ओळखायचं, दोन वाक्यांत सांगतो कारण ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याला झुडपासारख्या लाकडी फांद्या असतात, समोरासमोर किंवा थोडी मागेपुढे जाड पानं, नळीसारखी केशरी फुलं, चिकट बियांची फळं, आणि ते जिथे फांदीला जुळतं तिथे फांदी गाठीसारखी फुगलेली असते. ती फळं फुलटोच्या नावाचा एवढासा पक्षी खातो, चिकट बी फांदीला पुसतो, आणि ते बी रुजून मुळं थेट आंब्याच्या लाकडात घालतं, तिथलं पाणी आणि क्षार ओढतं. त्याच्या पुढची फांदी वाळत जाते. ते काढायचं तर नुसतं ओरबाडून उपयोग नाही, गाठीच्या खालून फांदीच कापावी लागते, तीही फळं पिकायच्या आधी. मामेभावाला मी हे आता तीनदा सांगितलंय, बघू.

अर्थात बाशिंग म्हणजे अगदी देवमाणूस असंही मला म्हणायचं नाही. जुनी, आतून कुजलेली फांदी असेल आणि तिच्यावर मोठा गड्डा बसला असेल तर पावसात भिजून तो वजनदार होतो, अशी फांदी मोडू शकते. खाली रस्ता असेल, पोरं खेळत असतील तर तेवढा भाग उतरवा, कोण नाही म्हणतंय. पण आंब्याला मोहोर कमी आला, याला कारण बाशिंग नव्हे. रायवळ मुळात एक वर्षाआड धरतो, त्यात खोडकिडा, त्यात अवकाळी पाऊस, कारणं पुष्कळ आहेत. जे डोळ्याला दिसतं त्याच्यावर खापर फोडायची आपली सवय जुनी.

हे नेमकं सापडतं कुठे तेही बघा, कारण आपला जिल्हा यासाठी भारी आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिथून पन्नास किलोमीटरच्या आत नाशिक शहरात त्याचा चौथा भागही नाही. बाशिंग हे गणित माणसापेक्षा चोख जाणतं. भावली, कसारा घाटाची बाजू, त्र्यंबक, वाघेरा, हरसूल, पेठ, सुरगाणा, इकडे आंबा, उंबर, जांभूळ कुठलंही जुनं झाड बघा, खडबडीत सालीवर किंवा दोन फांद्यांच्या बेचक्यात हे बसलेलं असतं. झाडच पाहिजे असंही नाही, कातळावर आणि किल्ल्याच्या जुन्या भिंतीवरही चालतं, फक्त खाच पाहिजे आणि उजेड पाहिजे. गर्द अंधाऱ्या ठिकाणी बसणारा हा नेचा नाही, त्याला वरचा उजेड आवडतो. गंगापूर धरणाच्या अलीकडे आलात की विरळ होत जातं, आणि सिन्नर-येवल्याकडे तर मी कधीच पाहिलं नाही. तिकडच्या विहिरीत फार तर हंसराज दिसेल, तोही नेचाच, पण नाजूक काळ्या काडीचा.

आणि हे आपलंच आहे असंही समजू नका. पूर्ण सह्याद्री, कोकण, केरळ, श्रीलंका, तिकडे ईशान्य भारत, बांगलादेश, म्यानमार, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, न्यू गिनी, खाली ऑस्ट्रेलियाचं उत्तर टोक आणि पार पॅसिफिकमधलं फिजी बेट, एवढा याचा पसारा. उष्ण कटिबंध आणि पावसाळा असलेला पट्टा, तो याचा मुलूख. हरसूलचा आंबा आणि फिजीचं झाड यांच्यावर एकच पाहुणा, मला तर हे कळलं तेव्हा भारी वाटलं होतं. लिनियस नावाच्या स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली याला पॉलिपोडियम क्वर्सिफोलियम नाव दिलं, क्वर्सिफोलियम म्हणजे ओकच्या पानासारखं, कारण युरोपातल्या माणसाला ते तपकिरी पान बघून ओक आठवला. पुढे १८४१ ला लंडनच्या क्यू बागेतल्या जॉन स्मिथने ड्रायनेरिया गटात नेलं, आणि आता काही शास्त्रज्ञ अ‍ॅग्लेओमॉर्फा म्हणायला लागलेत, मित्र म्हणतो तू ड्रायनेरियाच म्हण, सगळ्यांना कळतं. मला विचाराल तर लिनियसने एकदा आपल्याकडचं लग्न बघायला हवं होतं, ओकबिक विसरून बाशिंगच म्हणाला असता.

आता एक भीतीची गोष्ट. तमिळनाडूत नामक्कल जिल्ह्यात कोल्ली डोंगर आहेत, तिथे याचं केसाळ खोड मुडवाट्टुकाल किळंगू नावाने विकतात आणि त्याचं सूप पितात, व्हेज पायासूप म्हणा ना, कारण दिसायला ते बकऱ्या-मेंढीच्या पायासारखंच. तिकडची जुनी पद्धत आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. चीनमध्ये याच्या एका चुलतभावाचं खोड हाड जोडायला वापरतात, गू सुई बू म्हणतात त्याला. पण हल्ली रील्सवर सूपचे व्हिडिओ फिरतात, सांधेदुखी गेली, गुडघे मोकळे झाले वगैरे, आणि आमच्या ग्रुपवर एका काकांनी विचारलंच की हे आपल्याकडे त्र्यंबकला मिळेल का. म्हणजे गुडघ्याला बाशिंग आता खरोखरच बांधायला निघाले लोक! काका, गुडघा दुखतोय तर हाडांच्या डॉक्टरकडे जा, झाडावर चढणारा माणूस शोधू नका. कारण हे खोड एकदा ओढून काढलं की तो गड्डा संपला. मित्र म्हणतो तो थर पुन्हा जमायला वर्षं जातात, आणि नाशिकच्या बाजूला जिथे जुनी झाडंच कमी होत चाललीत तिथे ते वर्षं कुठून आणणार. नाशिकच्या तपोवनातल्या झाडतोडीवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी बोलावंच, पण जुनं झाड तुटतं तेव्हा त्याच्यावरचं हे सगळं गावही जातं, त्याची मोजणी कुठल्या यादीत नसते. नवीन रोप लावलं तरी त्याच्या गुळगुळीत सालीवर बाशिंग बसायला आपली पोरं म्हातारी होतील.

तर माझी विनंती एवढीच की पेपरात छोटी दुरुस्ती छापा, आतल्या पानावर छापली तरी चालेल, पण बाशिंगाचा आणि बांडगुळाचा फोटो शेजारी शेजारी द्या. लेख लांबलचक नको, लोक वाचत नाहीत (माझंच पत्र किती लांबलंय बघा). दोन फोटो बास. एक मे महिन्यातला वाळका आणि एक पावसातला हिरवा दिलात तर सोन्याहून पिवळं. आणि छाटणीला जी माणसं येतात, सोसायटीत येवोत नाहीतर रस्त्याच्या कडेला, त्यांना कामावर पाठवणाऱ्याने एवढं सांगावं की केसाळ खोड आणि कागदी पान दिसलं तर हात लावायचा नाही, गाठ आणि लाकडी फांदी दिसली तर कापायचं.

राहता राहिलं मागच्या रविवारचं. भर पावसात मामांकडे गेलो, पाचही झाडं फिरून बघितली. दोन झाडं अगदी उघडी, खरवडलेल्या जागी साल काळी पडलीय. तिसऱ्या झाडाच्या वरच्या बेचक्यात, जिथे शिडी पोचली नसावी, तिथे खोडाचा वीतभर तुकडा राहून गेलाय. मामी म्हणाली असेल काही घाण अडकलेली. मी बैलगाडीवर उभं राहून मोबाईलने झूम केलं, तर केसाळ टोकाला एक कोवळं पान, नाण्याएवढं, पोपटी, कडेला बारीक खाचा पडायला लागलेल्या. मामेभाऊ खाली छत्री धरून उभा होता, काही बोलला नाही, नंतर जेवताना म्हणाला की चौथ्या झाडावरची ती फांदी दिवाळीच्या आत उतरवतो.

ते पान अजून हिरवं आहे. तपकिरी झालं की फोटो काढून तुमच्याकडे पाठवतो, तुमच्या फोटोग्राफरइतका चांगला येणार नाही, पण खालची ओळ तेवढी नीट लिहा.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक